मोटारीमागचे घर



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी महागाई भत्त्यावर नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी ‘मोटारीमागे ओढायचे घर’ असा विषय कळवला. त्यांनी पुन्हा फोन करून विचारले, ‘ओढायचे की सोडायचे?’ मी म्हटले, ओढायचेच.

ऊस वाहतूक आणि ऊसतोडणी करणाऱ्यांच्या संघटनेत माझी पंचवीस-एक वर्षे गेली. म्हणजे एका वाहनाने दुसरे वाहन ओढणे हाच माझा रोजचा विषय. शाळा लवकर सुटली, पण वाचनाचा नाद सुटला नाही. वाचता वाचता असे ध्यानात आले की जगाच्या एका टोकाला श्रीमंत मनुष्य आपल्या उंची मोटारीमागे घर बांधून हौसेने हिंडतो, दुसऱ्या टोकाला गरीब मनुष्य ट्रॉलीत संसार टाकून पोटासाठी हिंडतो, आणि दोघांच्याही गाडीला निसर्गाचे नियम मात्र एकच लागू आहेत. त्या नियमांपासूनच सुरुवात करतो.

आधी वस्तू काय ती सांगतो. अमेरिकेत तिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, इंग्लंडात कॅरव्हॅन. चाकांवरची एक लांबट खोली. आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणी, शौचकूप. हिला स्वतःचे इंजिन नसते. पुढे एक दांडा असतो, दांड्याच्या टोकाला वाटी असते, आणि ती वाटी मोटारीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसते. एवढ्याच जोडावर सगळा संसार चालतो.

हौसेखातर असे घर घेऊन हिंडण्याची चाल डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी पाडली असे मानतात. हे गृहस्थ इंग्रजांच्या आरमारातले निवृत्त शस्त्रवैद्य, मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका गाडी-कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची दोन टनांच्या घरातली गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि ते थेट स्कॉटलंडात इनव्हर्नेसपर्यंत गेले. स्वतःला ते मोठ्या अभिमानाने ‘सभ्य गृहस्थ भटका’ म्हणवीत. मला मात्र त्यांच्यापेक्षा त्यांच्या फोली नावाच्या चाकराचे कौतुक अधिक वाटते. डॉक्टर गाडीत बसत, आणि हा फोली तीन चाकी सायकल मारीत पुढे जाई, अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत असेल तर त्याला सूचना देई. डॉक्टरांचा तो प्रवास होता आणि फोलीची ती नोकरी होती. रस्ता एकच, चढही तेच.

पुढे मोटार आली आणि घोडे गेले. १९३० च्या सुमारास अमेरिकेत या घरांची लाट आली. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन या गृहस्थांनी सहलीसाठी घेतलेली तयार गाडी पावसात भिजू लागली, म्हणून त्यांनी स्वतःच एक लाकडी गाडी बांधविली. तिला मुलांनी ‘कव्हर्ड वॅगन’ असे नाव दिले, आणि त्या नावाचा कारखाना काही वर्षांत त्या धंद्यातला सर्वांत मोठा झाला. वॉली बायम यांनी विमानाच्या पत्र्यासारख्या चकचकीत ॲल्युमिनियमची ‘एअरस्ट्रीम’ गाडी काढली. १९५९ साली हेच बायम एक्केचाळीस गाड्यांचा तांडा घेऊन केप टाउनहून कैरोकडे निघाले आणि आफ्रिका उभी ओलांडून गेले. तांडा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे तांडा म्हटला की पोलीसपाटील पहिल्यांदा नावे लिहून घेतो.

आता ओढणाऱ्या मोटारीविषयी. शेतावर चालावी म्हणून १९४८ साली इंग्लंडात लँड रोव्हर निघाली. लढाईनंतर पोलाद मिळेना म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमचे केले होते. १९७० साली त्याच घराण्यातून रेंज रोव्हर आली. चिखलातही चालते आणि मेजवानीलाही शोभते, अशी ही मोटार. अशा मोटारींना आता ‘एस.यू.व्ही.’ म्हणतात. २००८ साली टाटांनी हा इंग्रजी कारखाना विकत घेतला आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होऊ लागली. म्हणजे या मोटारीचे नटबोल्ट आवळणारे हात आता मराठी घरांतलेही आहेत. ही मोटार साडेतीन टन ओढू शकते असे कंपनी सांगते, आणि ते खोटे नाही. पण ‘ओढू शकते’ या दोन शब्दांत पुष्कळ काही दडलेले असते.

बैलगाडी भरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय सांगतो ते लगेच पटेल. गाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात, आणि चढाला तर गाडी बैलांना उचलून धरते की काय अशी भीती वाटते. उलट ओझे पुढे जास्त झाले की गाडी धुरजड होते आणि बैलांचे खांदे सुजतात. भरणारा शहाणा असेल तर तो धुरेवर थोडासा दाब राहील असे बघून मोळ्या रचतो. फार नको आणि अजिबात नाही असेही नको. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हीच गोष्ट आकड्यांत मांडली आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर, म्हणजे मोटारीच्या गोळ्यावर पडला पाहिजे. इंग्लंडात हलक्या कॅरव्हॅनी असतात, तेथे पाच ते सात टक्के पुरेसे धरतात. आमच्या गावचा गडी टक्केवारी जाणत नव्हता. तो धुरा हाताने उचलून बघायचा.

दाब कमी पडला तर काय होते? बैलगाडी ताशी चार किलोमीटरने चालते, तिथे फक्त बैलाला त्रास. ताशी शंभराने जाणाऱ्या मोटारीमागे मात्र उलाळ घर शेपूट हलवू लागते. एखादा मोठा ट्रक बाजूने जातो, वाऱ्याचा धक्का बसतो, घराचा मागचा भाग डावीकडे जातो, मग उजवीकडे, मग अधिक डावीकडे. वेग कमी असेल तर हे हेलकावे आपोआप विरतात. ठरावीक वेगाच्या पुढे ते विरत नाहीत, वाढत जातात. मग घर मोटारीला ओढू लागते. अशा वेळी घाबरा चालक दोन गोष्टी करतो आणि दोन्ही घातक ठरतात. तो चक्र उलटसुलट फिरवतो, नाही तर मोटारीचा ब्रेक करकचून दाबतो. पुढची गाडी थांबली आणि मागची थांबली नाही, म्हणजे मागची पुढचीला आडवी करणारच. अनुभवी चालक वेगाच्या पायावरचा दाब काढतो, चक्र सरळ धरतो आणि हाताशी असलेल्या दट्ट्याने फक्त मागच्या घराचे ब्रेक लावतो. घर मागून ताणले गेले की दोन्ही गाड्या एका रेषेत येतात. नव्या उंची मोटारींत हेलकावा ओळखून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती चांगली आहे. पण ओझे कसे रचले आहे हे ती बघायला येत नाही.

ओढण्यापेक्षा थांबवणे कठीण, ही गोष्ट लोकांना पटवणे फार अवघड जाते. २०१६ साली याच लँड रोव्हर कंपनीने एक गंमत करून दाखविली. स्वित्झर्लंडमध्ये आपली एक मध्यम आकाराची मोटार रुळांवर चढवून तिच्याकडून एकशे आठ टनांची आगगाडी सुमारे दहा किलोमीटर ओढविली. रस्त्यावर त्या मोटारीला परवानगी अडीच टनांची. जगभर टाळ्या पडल्या. पण रुळावर पोलादाचे चाक फार थोड्या जोरात फिरते, हे आपल्या रेल्वेच्या यार्डात हाताने डबे ढकलणाऱ्या हमालालाही ठाऊक आहे. आगगाडी हलवता आली म्हणून ती उतारावर थांबवता येते असे नव्हे. वेग दुप्पट झाला की थांबवायचा जोर चौपट होतो. म्हणून युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, आणि अमेरिकेच्या पुष्कळ राज्यांत ही मर्यादा तीन हजार पौंड, म्हणजे साडेतेराशे किलोच्या आसपास आहे. त्याशिवाय दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन बांधतात, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. आणि एक बारीक तार मोटारीला अडकवलेली असते. घर सुटून निघाले की ती तार एक पिन उपटते, आणि घराचे ब्रेक आपले आपण लागतात. ही पिन ध्यानात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता वजनाच्या काट्याची गोष्ट. हा विषय निघाला की माझ्या सभेत नेहमी हशा होतो, कारण काटामारी म्हणजे काय हे ऊसवाल्याला सांगावे लागत नाही. तर अमेरिकेत पूर्वी प्रत्येक मोटार कंपनी आपापल्या काट्यावर आपली ताकद मोजीत असे. एक म्हणे माझी मोटार साडेतीन टन ओढते, की दुसरी लगेच पावणेचार म्हणे. शेवटी २००८ साली तेथल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने सर्वांसाठी एकच कसोटी ठरविली. ॲरिझोनात डेव्हिस डॅम नावाचे धरण आहे, तेथून सुमारे अठरा किलोमीटरचा एक चढ लागतो. भर उन्हाळ्यात, आतली थंड हवेची यंत्रणा पूर्ण चालू ठेवून, पूर्ण ओझ्यानिशी हा चढ चढायचा आणि वेग ताशी चाळीस मैलांखाली जाऊ द्यायचा नाही. त्याशिवाय थांबण्याच्या, वळण्याच्या, चढावर पुन्हा निघण्याच्या कसोट्या निराळ्या. तरीही कंपन्या लगेच तयार झाल्या नाहीत. कारण उघड आहे. खऱ्या काट्यावर आकडा खाली येणार, आणि शेजाऱ्याने जुनाच काटा ठेवला तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार. २०११ च्या गाड्यांपासून टोयोटाने ही कसोटी पहिल्यांदा पत्करली, बाकीच्या हळूहळू आल्या. किमान वेतनाच्या वाटाघाटीत मालक मंडळी हेच बोलतात, ‘शेजारचा देईल तर आम्ही देऊ.’

या सर्वमान्य कसोटीतही एक बारकावा आहे. ती मोटारीत दोनच माणसे धरते, प्रत्येकी सुमारे अडुसष्ट किलोची. मुले धरलेली नाहीत, सामान जवळजवळ नाही, कुत्रे तर नाहीच. प्रत्यक्ष मोटार किती भार वाहू शकते हे चालकाच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. दांड्यावरून येणारा दाब याच भारात मोजायचा असतो, आणि बहुतेकांना हेच ठाऊक नसते. साधा हिशेब करू. घर तीन हजार किलोचे. बारा टक्के दाब म्हणजे तीनशे साठ किलो. मोटारीच्या चिठ्ठीवर सहाशे किलो लिहिले आहे असे धरा. राहिले दोनशे चाळीस. नवरा, बायको, दोन वाढती मुले, मागे सामानाच्या पेट्या. झाले, हिशेब तुटीत गेला. मोटार अजून जागची हललीही नाही.

यात गंमत अशी की मोटार जितकी उंची, तितकी ही तूट मोठी. काचेचे छत, मालिश करणाऱ्या खुर्च्या, मोठाली चाके, जाड गालिचे, या सगळ्याचे वजन मोटारीच्या स्वतःच्या अंगावर पडते आणि चिठ्ठीवरचा आकडा खाली येतो. त्याच जातीची साधी, कमी किमतीची मोटार पुष्कळदा जास्त भार वाहते. म्हणजे येथे मनुष्य जास्त पैसे मोजून कमी ताकद विकत घेतो. ऐश्वर्याला वजन असते असे संतमंडळी सांगत आली, पण ते किलोत मोजून दाराला चिकटवण्याचे काम मोटारवाल्यांनी केले.

ही घरे बनतात कोठे? अमेरिकेतली बहुतेक सगळी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गावांत. तेथील कामगार पहाटे कामावर जातो, दिवसाचे नग ठरलेले असतात, पगार पुष्कळ ठिकाणी नगावर. हात जितके भराभर चालतील तितके पैसे. संघटना जवळजवळ नाही. चैनीच्या वस्तूवर पोट असलेल्या गावाचे काय होते ते २००८ च्या मंदीत दिसले. ज्या गावात वर्षापूर्वी शंभरात पाच माणसेही बेकार नव्हती, तेथे पंधराहून अधिक झाली, आणि ९ फेब्रुवारी २००९ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष ओबामा स्वतः तेथे गेले. चैन हा पहिला खर्च कापला जातो, आणि चैन तयार करणाराची भाकरी त्याच दिवशी कापली जाते.

पण ही गाडी केवळ चैनीची राहिली नाही, आणि माझ्या विषयाचा गाभा तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धात डेट्रॉइटजवळ विलो रन येथे बाँबफेकी विमानांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. कामगार आले, पण घरे कोठे होती? सरकारने ट्रेलरच्या ओळीच्या ओळी उभ्या केल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे त्यांत राहिली. २००५ च्या कॅट्रिना वादळानंतर बेघरांना सरकारने एक लाखाहून जास्त ट्रेलर वाटले. सुट्टीत चार दिवस राहण्यासाठी बांधलेल्या खोलीत लोक महिनोन् महिने राहिले. भिंतींच्या दाबलेल्या लाकडातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू निघत होता. डोळे चुरचुरत, मुले खोकत. २००८ साली सरकारी तपासणीत ते प्रमाण घातक ठरले, आणि पुढे २०१२ साली कारखानदारांना व कंत्राटदारांना कोट्यवधी डॉलरांची तडजोड करावी लागली.

आणि मग ते लोक, ज्यांचे घर गेले आणि फक्त गाडी उरली. नेव्हाडात एम्पायर नावाचे गाव होते. सारे गाव एका जिप्सम कंपनीचे. २०११ च्या जानेवारीत कारखाना बंद झाला, घरे कंपनीची म्हणून ती रिकामी झाली आणि गावाचा टपाल क्रमांकसुद्धा रद्द झाला. ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक आणि त्यावरून निघालेला चित्रपट अशा माणसांविषयी आहे. साठी-सत्तरीची माणसे. कोणी जुन्या ट्रेलरमध्ये, कोणी मालगाडीच्या टपात. उन्हाळ्यात छावण्यांची झाडलोट, दिवाळीनंतर गोदामात माल बांधणे, आणि ऑक्टोबरात साखरेचा हंगाम.

होय, साखरेचाच. मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीचे खोरे आहे. तेथे बीटाची साखर होते. तेथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही १९७३ पासून शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, आपल्या कारखान्यांची दूरची बहीण म्हणा. बर्फ पडण्याआधी बीट काढून ढीग रचायचे असतात, म्हणून बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रंदिवस. या कामासाठी आपापले घर मोटारीमागे ओढीत लोक येतात. गाडी लावायला जागा, वीज, पाणी मिळते आणि हंगाम संपला की पुढचा रस्ता. त्याच संस्थेने २०११ च्या १ ऑगस्टला आपल्या कारखान्यांतल्या सुमारे तेराशे संघटित कामगारांना टाळे लावले. कराराचा मसुदा कामगारांनी चार वेळा फेटाळला. वीस महिने दारात उभे राहून २०१३ च्या एप्रिलमध्ये पाचव्या वेळी तो त्यांनी स्वीकारला. शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे म्हणून ती कामगारांशी नेहमी गोड वागेल, असा भाबडा समज मी आपल्याकडे कधी बाळगला नाही. तिकडेही बाळगण्याचे कारण दिसत नाही.

आता आपल्या रस्त्यावर या. दसरा झाला की बीडकडून टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडी, बाजरीचे पोते, शेळी, पोरे, वर म्हातारी. फडाशेजारी बांबूच्या कांबी रोवून, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद घालून कोपी उभी राहते. सहा महिने तेच घर. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल फेडून झाली तर गाव, नाही तर पुढच्या साली पुन्हा. रेड नदीच्या कामगाराला निदान दाराला कडी असलेले घर आणि नळ आहे. आमच्या बाईला अंघोळीला आडोसा नाही.

आणि ज्या ट्रॉलीत ती बसून येते ती पाहा. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या. ऊस इतका वर रचलेला की मागून ट्रॅक्टर दिसत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. छेद दिलेल्या साखळ्या नाहीत. पुष्कळांना मागे दिवा नाही, लाल चकाकणारी पट्टी असली तर ती चिखलाने बुजलेली. रात्री टायर फुटला की ट्रॉली रस्त्याच्या कडेला तशीच अंधारात उभी, शेजारी दोन दगड. मोटारसायकलवाला थेट तिच्यावर येतो. अशा अपघातांत गेलेल्या माणसांच्या घरी मी जाऊन आलो आहे. एका कारखान्याच्या हद्दीत चढावर जोड तुटून ट्रॉली मागे आली आणि मागे चालणारी दोन माणसे दबली. भरपाई मागायला आम्ही गेलो, तर कारखाना म्हणाला ट्रॉली आमची नाही, ट्रॉलीमालक म्हणाला ऊस माझा नाही, आणि मुकादम म्हणाला माणसे माझ्या हजेरीवर नव्हती.

सुट्टीचीही गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण हे हौशी घर सुट्टीवाचून शक्यच नाही. फ्रान्सच्या कामगाराला १९३६ साली कारखाने अडवून बसल्यावर दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. इंग्लंडात तिचा कायदा १९३८ साली झाला, आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने दोनशे चाळीस दिवस भरणाऱ्याला वीस दिवसांमागे एक दिवस दिला. अमेरिकेत, जेथे ही घरे सर्वांत जास्त विकली जातात, तेथे पगारी रजेचा सर्व देशाला लागू असा कायदा आजही नाही. ऊसतोड्याला तर रजा हा शब्दच लागू नाही. आजारपणाने कोयता थांबला की त्या दिवसाचा खाडा उचलीवर चढतो.

म्हणून ती पिन. सुटलेल्या घराला आपोआप थांबवणारी ती लहानशी पिन मी चित्रात पाहिली आणि चित्र घेऊन एका ट्रॉली बांधणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने चित्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, ‘पिन मी संध्याकाळपर्यंत करून देतो. पण साहेब, ती उपटली तर लागायला ब्रेक कुठे आहे?’ मी विचारले, ब्रेक बसवता येतील का? म्हणाला, ‘न यायला काय झालं? आसच बदलावा लागेल. पैसे कोण देणार ते सांगा.’ मालक म्हणतो वाहतुकीचा दर वाढवा, कारखाना म्हणतो ट्रॉली तुमची आहे. आमच्या संघटनेने येत्या गाळपासाठी मागण्यांचा जो कागद काढला आहे, त्यात दरवाढीच्या वरती या वेळी ट्रॉलीचे ब्रेक, साखळी आणि मागचा दिवा ही तीन कलमे घातली आहेत, आणि वजनकाट्यावर येणारी ट्रॉली या तीन गोष्टींवाचून आत घेऊ नये असे चौथे. काही सभासदांना हा क्रम पसंत नाही. ते म्हणतात, आधी दर. त्यावर पुढच्या रविवारी बैठक आहे आणि ती उघडी आहे.